हृदयाला झालेली कावीळ

गेल्या सोमवारी आठवीच्या वर्गात, विस्तार अधिकाऱ्यांच्या साक्षीने, माझ्या हृदयाला कावीळ झाली. हृदय म्हणजे पडद्यावरचे. त्याच्या २२ स्लाइड्स करण्यात माझा अख्खा रविवार गेला होता. पहिलीच स्लाइड लागली तेव्हा पांढरी पार्श्वभूमी हळदीसारखी पिवळी दिसू लागली, धमन्या तांबड्याच राहिल्या आणि शिरांतले निळे रक्त डांबरासारखे काळे झाले.

“सर, पेशंट गेला का?” मागच्या बाकावरून विचारणा झाली.

“पेशंट नाही, निळा गेलाय,” दारातून शिपाईमामा म्हणाले.

निदान अचूक होते. लॅपटॉपवरचे चित्र प्रोजेक्टरकडे नेणाऱ्या व्हीजीए वायरच्या टोकाला १५ पिना असतात, तांबडा, हिरवा आणि निळा या रंगांचे संकेत वेगवेगळ्या पिनांतून जातात, आणि निळ्याची पीन सैल झाली की पांढऱ्याचे पिवळे होते. भौतिकशास्त्राची पदवी असूनही हे मला सुचले नाही; मामांना ठाऊक होते, कारण गेले वर्षभर ही वायर तेच धरून बसतात. या प्रकारची जोडणी १९८७ सालची आहे आणि पॉवरपॉइंटही त्याच वर्षी बाजारात आले. त्यांपैकी पॉवरपॉइंटने पुढे कात टाकली, वायर मात्र आमच्या शाळेत बहुधा माझ्यासोबतच निवृत्त होईल.

मामांनी लॅपटॉपपाशी उकिडवे बसून वायर डावीकडे दाबली आणि शिरा निळ्या झाल्या.

“मामा, आता हलू नका.”

“हललो नाही सर, श्वास घेतला.”

त्यानंतर उजव्या कर्णिकेचे नाव घेतले की मामांचा हात अवघडे, पडदा पिवळा पडे आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडे, “मामा, निळा!” साहेबांनाही राहवेना.

“हे असे कधीपासून आहे?”

“दोन परीक्षा झाल्या, साहेब.”

“अर्ज केला नाहीत?”

“सरांनी तीन केले. तिन्ही जपून ठेवलेत.”

हसण्यावारी नेण्याची माझी हौस येथे संपते. वायर दोन-तीनशे रुपयांची आहे. प्रोजेक्टर आला तेव्हा नारळ फुटला, फीत कापली गेली, फोटो निघाले. वायर बदलण्याचा समारंभ होत नसल्यामुळे ती बदलत नाही. शिवाय पडदा फळ्यावरच कायमचा ठोकलेला असल्यामुळे खडूने आकृती काढून अब्रू वाचवण्याची सोयही उरलेली नाही.

३५ मिनिटांचा तास संपला तेव्हा मी दहाव्या स्लाइडवर होतो. शिरांतले रक्त खरे तर निळे नसतेच, गडद लाल असते, हे सांगणारी स्लाइड अकरावी होती. साहेबांनी शेरेबुकात लिहिले की तंत्रज्ञानाच्या वापरामुळे विद्यार्थी संपूर्ण तास एकाग्र होते. होतेच, हृदयाकडे कोणी पाहत नव्हते, एवढेच.

काल चाचणी घेतली. शिरांतील रक्ताचा रंग कोणता, या प्रश्नाला एकाने सुवाच्य अक्षरांत उत्तर लिहिले आहे: “निळा. मामा हलले तर काळा.”