चार वेद आणि एक काका

दत्तगुरूंच्या तसबिरीत त्यांच्या पायाशी जी चार कुत्री असतात ती म्हणजे चार वेद, असे आईने मला लहानपणीच सांगून ठेवले आहे. त्या तसबिरीला पन्नास वर्षे हात जोडूनही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती परवाच्या गुरुवारी, कोथरूडमधील एका कडुलिंबाच्या झाडाला मी बांधला गेलेलो असताना आली. महाराजांना शिरे तीन आणि हात सहा. सहाही हात माळ, कमंडलू, डमरू, त्रिशूळ, शंख आणि चक्र यांत गुंतलेले. चारांपैकी एकाही कुत्र्याला दोरी नाही, आणि तरीही कोणी जागचे हललेले नाही. माझ्याजवळ शीर एक, हात दोन आणि कुत्री मात्र तितकीच होती.

या प्रकरणाचे मूळ म्युनिकमध्ये आहे. पुण्यात नोकरी करीत असताना आमच्या कन्येने एक बीगल जातीचे पिल्लू आणले, त्याचे नाव मफिन ठेवले, आणि ते दीड वर्षांचे झाले तेव्हा ती त्याला आमच्या ओटीत टाकून जर्मनीला निघून गेली. तिकडे कुत्रा पाळणाऱ्याला नगरपालिकेकडे कर भरावा लागतो व त्या कराला ‘हुंडेश्टॉयर’ म्हणतात, हे तिने फोनवर सांगितले तेव्हा मला ती हुंड्यावरील जकात वाटली आणि जर्मन लोकांविषयीचा माझा आदर क्षणभर दुणावला होता. आईला ‘मफिन’ उच्चारता येत नसल्यामुळे ती त्याला ‘मोहन’ म्हणते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचे नावही मोहनच आहे, आणि ‘मोहन, जिन्यात शू केलीस तर याद राख’ हे वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकल्यापासून आमचे संबंध पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. कुत्र्याला लिफ्टमधून नेण्यावर त्यांनी एकदा हरकत घेतली होती. सोसायटीला तशी बंदी घालता येत नाही, असे सांगणाऱ्या भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या सूचना मी त्यांना छापून नेऊन दिल्या, तेव्हापासून ते जिन्याने जातात.

बीगल ही इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी, कळपाने धावण्यासाठी जोपासलेली जात आहे. तासन्‌तास नाक जमिनीला लावून माग काढणे हा तिचा कुलधर्म असल्यामुळे दोन खोल्यांच्या सदनिकेत तिने काय करावे, असा प्रश्न मफिनला पडला असावा, आणि त्याने तो आमचा सोफा सोडवून सोडवला. मी त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवू लागलो. म्हणजे लोकांना तसे दिसत असे. प्रत्यक्षात ‘फिरवणे’ या क्रियापदाचा कर्ता कोण आणि कर्म कोण, याचा निकाल पहिल्याच वळणावर लागे. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा इंचभर लांब झाला आहे, असे आमच्या शिंप्याचे मत पडल्यावर हिने एका डॉग वॉकरला बोलावले.

मुलगा पंचविशीचा, नम्र आणि स्वच्छ होता. एकट्याला फिरवण्याचे महिना साडेपाच हजार आणि चारांच्या गटात साडेतीन हजार, हे ऐकताच मला समूहजीवनाचे महत्त्व पटले. चारच का, सहा घेतले तर अडीच हजारांत भागेल, असे मी सुचवून पाहिले. त्यावर त्याने सांगितले की लंडनच्या शाही उद्यानांतसुद्धा व्यावसायिक वॉकरला एका वेळी चारच कुत्री नेता येतात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आठपर्यंत मुभा आहे, पण तेथे २०१३ पासून त्यासाठी परवाना काढावा लागतो. आणि तो स्वतः मात्र कर्वे पुतळ्याच्या चौकातील वाहतूक पाहता लंडनच्या मताचा आहे. यानंतर त्याने एक अर्ज काढला. रेबीजची लस केव्हा दिली, महापालिकेचा परवाना आहे काय, नसबंदी झाली आहे काय, फटाक्यांना भितो काय, छत्रीला भुंकतो काय, अन्न हातातून घेतो की हिसकावतो. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्याविषयी यापेक्षा पुष्कळ कमी विचारले गेले होते, आणि हिचे म्हणणे असे की तीच चूक झाली.

अर्जानंतर ‘परिचय फेरी’ होती. आपल्याकडील कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात दोन्ही बाजू समोरासमोर बसवून एकमेकांकडे बघायला लावतात, आणि तेथेच सगळे बिघडते. या मुलाने तसे केले नाही. अनोळखी कुत्र्यांना नाकासमोर नाक आणून उभे करणे हे त्यांच्या लेखी आव्हान असते, म्हणून त्याने आधी त्यांना बरेच अंतर राखून एकाच दिशेने, रस्त्याच्या दोन कडांनी चालवले. मग अंतर हळूहळू कमी केले. आणि ती शेजारी आल्यावर, ज्या दिशेने कुत्रे एकमेकांची विचारपूस करतात त्या दिशेने, म्हणजे मागून, ती करू दिली. तीन मिनिटांत गोत्र, प्रवर आणि कालचे जेवण यांची देवाणघेवाण पूर्ण झाली. मफिन उत्तीर्ण झाला. मी दोरी ताणून धरतो, विनाकारण ‘नो नो’ म्हणतो आणि माझी घबराट दोरीतून कुत्र्यापर्यंत पोहोचते, असा शेरा माझ्याविषयी मिळाला.

गटातील इतर तिघांची ओळख करून दिली पाहिजे. शेरा नावाचा लॅब्राडॉर, वजन एक्केचाळीस किलो, स्वभाव मऊ, पण मनात आले की भर रस्त्यात आडवा होणारा. स्नोई नावाची पांढरी शुभ्र, फुगीर शेपटीची कुत्री. मालकीणबाई तिला पॉमेरेनियन म्हणतात, पण आपल्याकडे त्या नावाने वाढलेल्या बहुतेक कुत्र्यांप्रमाणे ती इंडियन स्पिट्झ आहे, आणि हे बोलून दाखवल्याबद्दल त्या बाईंनी माझ्याशी अबोला धरला होता. चौथी चिंगी. पौड रस्त्यावर एका टपरीखाली सापडलेली, तांबूस रंगाची, अर्धा कान तुटलेली गावठी. मुलगा सकाळी सहाला सर्वप्रथम चिंगीला घेई, कारण गटाची सुरुवात शहाण्यापासून करावी, असा त्याचा नियम होता. मग स्नोई, मग शेरा, आणि अगदी शेवटी, ‘काका, राग मानू नका’ असे म्हणून, मफिन.

तासाभराने घरच्या ग्रुपवर अहवाल येत असे. ‘मफिन. शू ७, शी १, प्रत उत्तम. भटक्यांशी वर्तन सौजन्याचे.’ हा अहवाल म्युनिकमध्ये अर्ध्या झोपेत वाचला जाई आणि त्यावर तेथून तीन हृदये येत. सदतीस वर्षांच्या बँकेतील नोकरीत मी दोनदा उत्कृष्ट शाखेची ढाल आणली, तेव्हा घरातून एकही हृदय आले नव्हते, ही गोष्ट मी केवळ नोंद म्हणून येथे लिहून ठेवतो.

एप्रिलमध्ये त्या मुलाला चुलतभावाच्या लग्नासाठी दोन दिवस गावी जावे लागले. बदलीची व्यवस्था होत नव्हती. चारही घरांत चिंता पसरली, आणि त्या चिंतेच्या भरात, कोणीही विचारलेले नसताना, मी ‘त्यात काय आहे, मी नेतो’ असे बोलून गेलो. मुलाने फोनवरून वीस मिनिटे सूचना दिल्या. शेरा आणि मफिन कधीही एका हातात घ्यायचे नाहीत. लांब सुटणाऱ्या चाकाच्या दोऱ्या वापरायच्या नाहीत. प्रत्येक गल्लीत भटक्यांची हद्द असते. तेथे थांबायचे नाही, पळायचे नाही, डोळ्यांत बघायचे नाही, त्यांच्या आणि आपल्या कुत्र्यांच्या मध्ये स्वतः चालायचे. उन्हे वर आली की तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून पाहायची. आपल्याला सोसवले नाही तर त्यांच्या पंजांनाही सोसणार नाही. मी ‘हो हो’ म्हणत होतो. परीक्षेला जाताना वडील अशाच सूचना देत असत आणि मी असाच ‘हो हो’ म्हणत असे, हे मला तेव्हाच आठवायला हवे होते.

गुरुवारी सकाळी मी मफिनला सर्वप्रथम घेतले, कारण तो घरातच होता. उजव्या हातात जोर अधिक म्हणून शेरा आणि मफिन उजव्या हातात घेतले. पहिली तीनशे पावले इतकी सुरेख गेली की समोरून फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी मला ‘तुमचे हे क्लासेस असतात का?’ असे विचारले आणि मी नकार द्यायला जरा वेळ लावला. तेवढ्यात डहाणूकर कॉलनीतील एका पोहेवाल्याने कढईत फोडणी टाकली.

मफिनचे नाक शिकारी कुळातले आहे, हे मी वर सांगितलेच आहे. तो एकाएकी डावीकडे सुटला. शेरा त्याच क्षणी उजवीकडे भाजीच्या हातगाडीखालच्या सावलीत आडवा झाला. आणि माझा उजवा हात हे दोघे ज्या तत्त्वावर वाटून घेत होते ते जरासंधाला ठाऊक होते. स्नोईला पलीकडच्या फुटपाथवर चार भटकी कुत्री दिसली, तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिले आणि त्यांच्या पूर्वजांविषयी काहीतरी बोलली. मी पळायचे नाही हे लक्षात ठेवून जागच्या जागी थांबलो, म्हणजे दोन निषिद्ध गोष्टींपैकी एकच केली. बाजूला कडुलिंबाचे झाड होते. आधार म्हणून मी त्याला पाठ टेकवली, आणि मफिनने पोह्यांचा वास नेमका कोणत्या बाजूने येतो याची खात्री करून घेण्यासाठी त्या झाडाभोवती, अर्थात माझ्याभोवतीही, प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. स्नोई त्याच्या मागोमाग गेली. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतात ते मी दरवर्षी कौतुकाने पाहत आलो आहे. वडाला काय वाटत असेल, हा विचार मात्र कधी केला नव्हता.

झाडावरून मोहोर टपटपत होता. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘दादा, सोडू का?’ पण सोडायचे कोणते टोक, यावर त्यांचे आणि पोहेवाल्याचे मतभेद झाले. पोहेवाल्याने मध्यंतरी मफिनला एक घास देऊ केला होता. कुत्र्यांना कांदा चालत नाही, त्यांच्या रक्ताला तो अपायकारक असतो, हे झाडाला बांधलेल्या स्थितीत ओरडून सांगताना मला ते फारसे अधिकारवाणीने सांगता आले नाही. याच सुमारास सेक्रेटरी मोहनराव दुधाची पिशवी घेऊन तेथून चालले होते. ते थांबले, मला आपादमस्तक पाहिले आणि ‘सूचना २०१५ सालच्या आहेत, नाही का?’ एवढेच विचारून पुढे गेले.

मला सोडवले ते चिंगीने. इतका वेळ ती दोरी सैल ठेवून बाजूला उभी होती. ती दोन पावले पुढे आली, भटक्यांकडे पाठ करून, कोणाकडेही न बघता, शांतपणे खाली बसली. एवढेच. तिकडची चार कुत्री थोडा वेळ गुरगुरली आणि विषय संपल्यासारखी निघून गेली. स्नोई चिंगीच्या शेजारी बसली. मफिन बसला. शेरा आडवाच होता. मग भाजीवाल्या मावशींनी एकेक दोरी उलट फिरवून माझी सुटका केली, आणि आम्ही पाचही जण, चिंगीला पुढे घालून, तिच्या वेगाने घरी परतलो. दत्तमहाराजांना दोरी का लागत नाही याचा उलगडा मला वाटेत झाला. चारांपैकी एक नक्की गावठी असणार.

अहवाल लिहायचा राहिला होता. खोटे लिहिण्याची बँकेत सवय नव्हती, म्हणून मी चारही घरांना एकच मजकूर पाठवला : ‘शू मोजता आली नाही. शी एक, पण कोणाची ते अनिर्णित. उचलली आहे.’ पाच मिनिटांत स्नोईच्या मालकीणबाईंनी अबोला सोडून ‘आमच्या स्नोईची नसणार’ असे कळवले. शेराच्या घरून ‘आकार किती?’ अशी विचारणा आली. आणि म्युनिकहून, पहाटे साडेपाचला, ‘बाबा, तुम्ही ठीक आहात ना?’ एवढे आले. हृदय नव्हते.

शनिवारी मुलगा लग्नाचा लाडू घेऊन हजर झाला. त्याला सगळी हकिकत भाजीवाल्या मावशींकडून आधीच कळली होती. मी बराच वेळ इकडचे तिकडचे बोललो आणि शेवटी, मफिनच्या गळ्यात पट्टा अडकवता अडकवता, सकाळी मीही तुमच्यासोबत आलो तर चालेल का, नुसता मागून चालेन, असे त्याला विचारले. त्याने चिंगीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत आदराने म्हणाला, ‘काका, सध्या गट पूर्ण आहे. जागा झाली की कळवतो.’