‘सांगण्यासारखं असेल तर माणूस अडत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

लिहिताना माणूस का अडतो, याविषयीच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती. त्याच रात्री उत्तर लिहिलं, पण ते रागात लिहिलेलं होतं म्हणून पुसून टाकलं. हे दुसरं.

आधी चूक कबूल करतो. ‘रायटर्स ब्लॉक’, म्हणजे लिहिताना अडून बसणं, हा शब्द एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४७ मध्ये वापरात आणला. मी ‘१९५० नंतर’ असं लिहिलं होतं. तुमचं बरोबर आहे, लेखात दुरुस्ती केली आहे.

तेवढं सांगून तुम्ही थांबला असतात तर आभार मानून विषय संपला असता. पण पुढे तुम्ही लिहिलंत, ‘ज्याच्याकडे सांगण्यासारखं असतं तो अडत नाही. बाकीचे आळसाला इंग्रजी नाव देतात.’ मतभेद मला चालतो. पण ‘आळस’ हा शब्द तुम्ही कुणासाठी वापरताय, याचा क्षणभर तरी विचार केलात का?

वडील गेल्यावर मला त्यांच्याविषयी लिहायचं होतं. शेवटच्या दोन महिन्यांतली एकेक रात्र मला पाठ होती. वही उघडायचो, ‘बाबा’ एवढंच लिहायचो, आणि पुढचं वाक्य कागदावर यायच्या आत मनातच खोडायचो, कारण कुठलंच वाक्य त्यांच्या तोलाचं वाटायचं नाही. असे चौदा महिने गेले. त्याच चौदा महिन्यांत मी कचेरीतली टिपणं लिहीत होतो, अर्ज लिहीत होतो, एका मित्राचा लांबलचक लेख तपासून दिला. हात चालत होता. अडलं होतं ते एकाच जागी, आणि नेमकं तिथेच सांगायचं सगळ्यात जास्त होतं. याला तुम्ही आळस म्हणणार असाल, तर आपण एकमेकांशी काय बोलायचं?

माझं एकट्याचं राहू द्या. जर्मन भाषेतला कवी रिल्के याने ‘दुइनो एलिजी’ या कविता १९१२ मध्ये लिहायला घेतल्या आणि त्या पूर्ण झाल्या १९२२ मध्ये. मध्ये महायुद्ध होतं हे खरं, पण त्या दहा वर्षांत त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, असं तुम्ही म्हणाल? लेखनाचे अमेरिकी अभ्यासक माइक रोझ यांनी १९८० मध्ये लिहिताना अडणाऱ्या आणि न अडणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना केली. अडणाऱ्यांच्या डोक्यात कडक नियम बसलेले होते. सुरुवातीलाच वाचकाला पकडलं पाहिजे, हा त्यातला एक. मजकूर नसणं हे कारण नव्हतं. माझ्या वहीतही तेच घडत होतं.

राहिला तुम्ही उदाहरण म्हणून दिलेला इंग्रज कादंबरीकार ट्रॉलप. पहाटे साडेपाचला बसायचा, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द, आणि मग पोस्टातली नोकरी. मान्य. पण हे ज्या आत्मचरित्रात आहे, त्यातच तो हेही सांगतो, की बसल्यावर पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचा. म्हणजे कोऱ्या कागदापासून तो सुरुवात करतच नव्हता. लेखात मी हेच तर सुचवलंय! उदाहरण फेकण्याआधी ते पूर्ण वाचावं, एवढी अपेक्षा मी करू शकतो ना?

लेख लांबला, हा तुमचा आक्षेप. असेल. भाषा ‘हळवी’ आहे, हाही. ज्यांना हळवी वाटते त्यांनी वाचू नये.

‘रोज दहा मिनिटं काहीही लिहा’ या माझ्या लेखातल्या सल्ल्याने नुसता कचरा जमतो, त्यातून लेख होतो याला पुरावा काय, असंही तुम्ही विचारलंय. बाबांवरचा माझा लेख त्या दहा मिनिटांतूनच झाला. चौदाव्या महिन्यात, बाबांच्या चपलांविषयी लिहिता लिहिता. मला तेवढं पुरेसं आहे. त्याहून जास्त पुरावा हवा असेल तर तुम्ही शोधा, तारखा तुम्हाला चांगल्या सापडतात.

यापुढेही प्रतिक्रिया जरूर द्या. फक्त ‘आळस’ हा शब्द मागे घ्या, माझ्यासाठी नाही तर त्या लेखाखाली स्वतःचं अडणं मोकळेपणाने लिहिणाऱ्या इतर वाचकांसाठी.