सोमनाथ आणि द्वारकेच्या मधला समुद्र

बडोद्यातल्या आपल्या मंडळींना समुद्र म्हटलं की कोकण आठवतं, नाहीतर गोवा. सोमनाथ-द्वारका म्हणजे देवदर्शन. मीही बारा वर्षांपूर्वी एका टूरवाल्याबरोबर तशीच जाऊन आले. सोमनाथची आरती झाली, जेवणं उरकली, रात्री बस सुटली ती पहाटे द्वारकेत. मधला सगळा किनारा अंधारात गेला. काय हुकलं हेच माहीत नव्हतं, त्यामुळे तेव्हा वाईटही वाटलं नाही. या जानेवारीत ते कळलं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतेय, त्या दोन देवळांमधल्या रस्त्याला एक अख्खा दिवस द्या.

आम्ही दोन गाड्यांत अकराजण होतो. आम्ही दोघं, दीर-जाऊ, चार पोरं, शेजारचं गुजराती जोडपं आणि ७७ वर्षांच्या सासूबाई. शेजारणीचे थेपले, जाऊबाईंच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पहाटे चारला निघालो आणि वासद, तारापूर, बगोदरा, मग राजकोट, जुनागढ करत संध्याकाळी सोमनाथ गाठलं. तिथे मोठ्या देवळाजवळच अहिल्याबाईंनी १७८३ मध्ये बांधलेलं देऊळ आहे. गर्दी तिकडे कमी वळते. आपण तरी वळावं.

दुसऱ्या दिवशी खरा रस्ता सुरू झाला. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आधी सोमनाथ, मग द्वारका असं जा. म्हणजे समुद्र डाव्या हाताला राहतो. गाडी कडेला घेतली की उतरायचं आणि वाळूत. उलट आलात तर म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना घेऊन हायवे ओलांडावा लागतो, आणि ट्रक काही थांबत नाहीत.

वेरावळला लाकडी होड्या बांधताना दिसतात. उघड्या फासळ्यांची, दुमजली घराएवढी होडी पाहून पोरं गप्पच झाली. पुढे चोरवाड, मांगरोळ, नारळाच्या बागा. आणि मग माधवपूर. तिथे रस्ता किनाऱ्याला इतका खेटून जातो की खिडकीतून लाटेचा आवाज थेट गाडीत येतो. लाट मात्र जोराची आहे, पोरांना घोट्याच्या पुढे पाण्यात जाऊ देऊ नका.

सासूबाई अमरावतीकडच्या. माधवपूरला कृष्ण-रुक्मिणीचं लग्न लागलं असं मानतात, रामनवमीपासून तिथे त्याची जत्रा भरते. हे शेजारणीने सांगितलं आणि सासूबाई गाडीचं दार धरून उभ्याच राहिल्या. रुक्मिणी म्हणजे त्यांच्या कौंडिण्यपूरची लेक. चपला काढून त्या ओल्या वाळूपर्यंत गेल्या, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "एवढ्या लांब दिली गं पोरीला." मग हातगाडीवाल्याकडून एक न सोललेला नारळ घेतला. कशाला, ते सांगितलं नाही.

आम्ही तिथे अडीच तास बसलो. दुपारी पोरबंदरला गांधीजींच्या जन्मघराजवळचं कीर्तिमंदिर पाहिलं, खाजली नावाचा तिथला खाऊ घेतला. पुढे हर्षद गावाच्या आसपास पवनचक्क्या आणि मावळतीचं ऊन.

द्वारकेहून ओख्याला गेलो तेव्हा, ओखा आणि बेट द्वारका जोडणाऱ्या सुदर्शन सेतूवर यजमानांनी पोरांना सांगितलं, की हे ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं आणि ओख्याचं बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात उभं राहिलं. थोरल्याला आधी खरंच वाटेना. बडोद्याला समुद्र? आपण मुलांना लक्ष्मीविलास राजवाडा दहा वेळा दाखवतो, पण आपल्या राज्याचा किनारा कधी दाखवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. सेतू २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून बेटावर गाडीनेच जाता येतं. सासूबाईंच्या गुडघ्यांना बोटीची चढ-उतर झेपलीच नसती.

द्वारकेत रुक्मिणीचं देऊळ वेगळं आहे, गावापासून थोडं बाहेर. तिथे पाण्याचं दान देण्याची प्रथा आहे, ते दिलं. मग सासूबाईंनी पिशवीतून खण काढला, वर तो माधवपूरचा नारळ ठेवला. दोन दिवस त्यांनी तो डिकीत टाकू दिला नव्हता, पायाशी धरून बसल्या होत्या. पुजाऱ्याने विचारलं, कुठून आलात? त्या म्हणाल्या, "माहेराहून."