खुलासा : ‘तहान नसली तरी पाणी पीत राहा’

बेळगाव-खानापूरच्या पळणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : पहिल्या ५० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीआधी सरावात एकदा पूर्ण ५० पळायलाच हवेत, आणि पळताना तहान नसली तरी दर १५ मिनिटांनी भरपूर पाणी प्यावं.

पहिली गोष्ट अनावश्यक. बहुतेक जण ३०-३५ किलोमीटरवर थांबतात, किंवा शनिवार-रविवार लागोपाठ पळून पायांना थकव्याची सवय लावतात. सरावातच पूर्ण अंतर कापलं तर अंग सावरायला दिवस जातात, तेवढा सराव बुडतो.

पाण्याचं मात्र गंभीर आहे. घामातून मीठही जातं. वर नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण, पुढे झटके, क्वचित मृत्यूही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचं सोडियम कमी भरलं होतं, आणि त्यात पळताना वजन वाढलेले बरेच होते. पळून आल्यावर वजन वाढलंय म्हणजे पाणी जास्त झालं, एवढं सोपं आहे ते. तहानेप्रमाणे प्या. मिठाचं खाणं जवळ ठेवा, पण मीठ खाल्लं म्हणून जादा पाणी पचत नाही.

मेसेजमध्ये चढाचा उल्लेखच नाही, याचं नवल वाटतं. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढ चालतच घ्या, त्यात कमीपणा कसला? मांड्या भरतात त्या उतारावर. सराव उताराचा करा.