उजव्या कव्हरचे सात हजार कसे झाले: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मोटरसायकलच्या पंजाएवढ्या इंजिन कव्हरला काळा रंग द्यायचे सात हजार घेतले, गाडी आठवडाभर अडकवली, ऑइल, पॅकिंग, सील आणि काच न विचारता नवीन घातली, आणि तरीही डाव्या-उजव्या बाजूचा काळा जुळत नाही. रत्नागिरीत हेच काम स्प्रेच्या डब्याने एका दिवसात होतं, असं तुमचं म्हणणं. स्टार किती द्यायचे हा तुमचा हक्क. पण हे वाचून आणखी चार जण डबा घेऊन बसतील आणि पावसाळ्यानंतर पोपडे घेऊन आमच्याच दारात येतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"न विचारता" हे मात्र मान्य नाही. कव्हर खोलल्यावर फोटोंसकट यादी पाठवली होती, तिच्याखाली तुमचा अंगठा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा असला तरी अंगठा तो अंगठाच.

आता कव्हर. गाडी टूरिंगची आणि तुमचं फिरणं सगळं किनाऱ्याने. दाभोळ-धोपावे काय, जयगड-तवसाळ काय, फेरीबोटीवर उभ्या गाडीला खारा वारा थेट लागतो. कव्हर डायकास्ट, म्हणजे वितळवून दाबाने साच्यात ओतलेल्या, अ‍ॅल्युमिनियमचं. पुढच्या चाकाने उडवलेल्या खड्याने रंगाचा टवका जातो, तिथून खारं पाणी आत शिरतं आणि मग रंगाच्या खालून पसरत राहतं. तुमच्या कव्हरवर बूट घासतो त्या जागी नखाने पापुद्रा उचलला, तर खाली केसाएवढ्या बारीक, पांढरट, नागमोडी रेघा. पापुद्रा ओढत गेलो तशा त्या पुढे पुढे निघतच गेल्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या रंगाखालीसुद्धा. हा गंजच. अ‍ॅल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो, पांढरी भुकटी असते, म्हणून लोकांना तो गंज वाटत नाही. त्याच्यावर स्प्रे मारणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला डिस्टेंपर. दिवाळीपुरतं छान दिसतं.

म्हणून जुना रंग सगळाच उतरवला, जिथे चांगला दिसत होता तिथलाही. पेंट रिमूव्हर लावला की रंग सुरकुततो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने निघतो; बोल्टच्या खळग्यांमधला आणि कडांचा मात्र ब्रशने काढत बसावा लागतो. काही ठिकाणी कव्हर सरळ कॉस्टिक सोड्यात बुडवतात. लोखंडाला ते चालतं. अ‍ॅल्युमिनियम सोड्यात टाकलं की जो फेस येतो तो हायड्रोजन, आणि विरघळतंय ते तुमचं कव्हर. रेतीचं ब्लास्टिंगही आम्ही करत नाही. या कव्हरच्या आतून तेलाच्या वाटा जातात. तिथे अडकलेला रेतीचा कण पुढे बेअरिंगपर्यंत पोचला, तर सात हजार फार स्वस्त वाटतील. आम्ही वाटा बुजवून, फक्त बाहेरच्या बाजूला काचेचे बारीक मणी मारतो. मग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन प्रत्येक भोकातून हवा मारतो.

तुमचा राग सगळ्यात जास्त त्या काचेवर दिसतो. ऑइलची पातळी बघायची ती गोल खिडकी याच कव्हरमध्ये दाबून बसवलेली असते, आणि ती काच नसून प्लॅस्टिक असतं. क्लचच्या लिव्हरचं ऑइल सीलही इथेच, ते रबराचं. कव्हरला नंतर पावडर कोटिंग करायचं होतं, म्हणजे रंगाची कोरडी पावडर मारून ती भट्टीत पिकवायची. त्या भट्टीत 180 ते 200 अंश सेल्सिअस तापमान असतं. त्यात प्लॅस्टिक वाकतं आणि रबर कडक होतं, म्हणून दोन्ही आधी काढावीच लागतात. दाबून बसवलेली खिडकी काढताना शाबूत राहिली तरी पुन्हा तेल धरेल याची खात्री नाही. थोडक्या पैशांची वस्तू वाचवायची आणि भर घाटात तुमच्या बुटावर तेल गळायचं, हा हिशोब मला जमत नाही.

ऑइलचं म्हणाल, तर गाडी साइड स्टँडवर कलली की उजवी बाजू वर येते, त्यामुळे काही जण तेल न काढताच कव्हर खोलतात. जमतं तसं. पण जुनं पॅकिंग इंजिनाला चिकटलेलं होतं, ते खरवडताना चुरा आत पडणारच, आणि तो त्याच तेलात फिरणार. त्यातून तुमचं ऑइल बदलायला आलंच होतं. खरवडायचं कामही घाईचं नव्हे. पत्र्याच्या पातीने एक ओरखडा उठला, की नवीन पॅकिंग घालूनही तिथून पाझरतं.

आठवडा गेला तो रंगात नाही, भट्टीत. डायकास्टिंगमध्ये हवेची बारीक भोकं राहिलेली असतात आणि चाललेल्या इंजिनाच्या कव्हरमध्ये त्यांत तेल मुरलेलं असतं. तसंच पावडर मारून भट्टीत घातलं की हवा आणि तेल बाहेर येतं आणि रंगावर फोड उठतात. त्यामुळे आधी कव्हर रिकामंच, पावडर पिकवायच्या तापमानापेक्षा थोडं जास्त तापवायचं. बाहेर आलेलं तेल पुसायचं, परत साफ करायचं, क्रोमेटिंग करायचं (रंग घट्ट धरावा म्हणून रसायनाचा पातळ थर), मग पावडर. तुमच्या कव्हरवर पहिल्या तापवणीत खालच्या कडेला तपकिरी ओघळ आले होते, त्याचाही फोटो तुमच्याकडे आहे. आणि इथे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले एका कव्हरसाठी भट्टी लावत नाहीत. काळ्या रंगाची बॅच लागली की त्यात आपलं काम बसवतात. ती वाट बघणं माझ्या हातात नाही. घाई करायची तर साधा रंग मारून द्यायचा, आणि तुम्ही तर "परत सोलायला नको" असं सांगून गाडी सोडली होती.

बोल्ट बसतात त्या जागा आणि पॅकिंगची कड टेप लावून कोरी ठेवली आहे. ते अर्धवट काम नाही. बोल्टच्या डोक्याखाली रंग राहिला तर तो चेपतो, बोल्ट सैल पडतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. हे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचले होते. लांब बोल्ट आखूड जागी पिळला तर इंजिनाचे आटे जातात. बसवताना टॉर्क पाना लावला, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच पिळला जातो. या 6 मिमी बोल्टांना 10 न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, मनगटाच्या अंदाजावर सोडलं तर हमखास जास्तच होतं.

रंग जुळत नाही हे खरं आहे आणि काम घेतानाच सांगितलं होतं. डावं कव्हर कंपनीच्या रंगात आहे, त्याने काही वर्षांचं ऊन खाल्लंय. उजव्याला नवीन सॅटिन ब्लॅक पावडर. सावलीत कळत नाही, दुपारी उन्हात शेजारून चालत गेलं की कळतं. जुळवायचं तर डावंही उतरवायला हवं, पण त्याच्यावरचा रंग अजून घट्ट आहे. घट्ट रंग उतरवायचे पैसे मी आपणहून कुणाला सांगत नाही. शिवाय त्या कव्हरच्या आत मॅग्नेटची कॉइल असते, ती वायरिंगसकट काढावी लागते. तुम्हाला हवंच असेल तर पुढच्या ऑइल चेंजच्या वेळी करू, म्हणजे ऑइलचा खर्च दुबार नाही.

आधी तुम्ही क्रोम मागत होतात, तेही इथे सांगून टाकतो. अ‍ॅल्युमिनियमवर थेट क्रोम धरत नाही. झिंकेट (जस्ताचा पातळ थर), तांबं, निकेल आणि मग क्रोम, असे थर चढवावे लागतात. असल्या भोकाभोकाच्या कास्टिंगवर आणि समुद्राच्या हवेत ते टिकेल, असं मी तरी लिहून देणार नाही. मिळालं असतं ते पैशांचं काम सोडलं, त्याचाही एक अर्धा स्टार धरायला हरकत नव्हती.

स्प्रेचा डबा वाईट, असंही माझं म्हणणं नाही. नुसता ओरखडा असेल, आजूबाजूचा रंग घट्ट असेल, तर पॉलिश पेपर मारून, अ‍ॅल्युमिनियमला धरणारा प्रायमर लावून, इंजिनचा रंग घरी मारा. मीच कित्येकांना असं सांगून परत पाठवलंय. तुमचं प्रकरण त्यातलं नव्हतं.

किनाऱ्यावरून आलात की गाडी गार झाल्यावर साध्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरवाल्याला पंपाचा फवारा कव्हरच्या कडेवर रोखू देऊ नका. नवीन टवका उडाला तर लगेच फोटो पाठवा, टच-अपचे पैसे घेणार नाही. जुनं सील, काच आणि पॅकिंग पिशवीत घालून काउंटरखाली ठेवलंय. आंबा घाट चढून इकडे आलात की घेऊन जा, सोमवार सोडून कधीही.