मागच्या रक्ताचं काय झालं?

आरोग्य संशोधनाच्या अर्जात हल्ली ‘लोकसहभाग’ असा एक रकाना असतोच. तो भरायची रीतही ठरलेली. सरपंचांना भेटलो, आशाताईंना घेऊन घरोघर फिरलो, संमतिपत्रावर सह्या-अंगठे घेतले. झाला सहभाग! आमच्या भागात सर्वेक्षणाला आलेल्या पोरींना एका आजीनं उंबऱ्यातच अडवलं होतं, “मागच्या येळी रगत नेलं, त्याचं काय झालं थे त सांगा आधी.” ते रक्त नेलं होतं भलत्याच संस्थेनं. पोरी काय सांगणार?

प्रश्न ठरवताना गाव नव्हतं आणि निष्कर्षही गावाला कळले नाहीत, तर त्याला सहभाग म्हणू नका. ‘नमुने गोळा केले’ म्हणा, त्यात लाज कसली?

आणि हे जमत नाही असंही नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्य संस्थेनं सुरुवातीला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास केला. विज्ञान म्हणून चोख, पण तो प्रश्न लोकांनी मांडलेला नव्हता, हे संस्थेचे एक संस्थापक डॉ. अभय बंग स्वतःच सांगत आले आहेत. पुढे दवाखाना बांधताना आदिवासींना विचारलं, तर तो झोपड्यांसारखा झाला आणि त्याला नाव मिळालं त्यांच्या दंतेश्वरी देवीचं. नवजात बाळांच्या अभ्यासात तर गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. वजन, ताप, श्वास मोजायचा, नोंद ठेवायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, वेळ पडली तर इंजेक्शनही द्यायचं. कमी शिकलेल्या बाईच्या हातात सुई दिली म्हणून कित्येक डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या. पण त्या ३९ गावांत नवजात मृत्यूदर हजार जन्मांमागे ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं, आणि २०११ पासून आशाताई देशभर बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासू लागल्या. गावाला फक्त अंगठ्यापुरतं धरलं असतं तर हे झालं असतं?

नियमांचं म्हणाल तर कागदावर कमी नाही. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावा लागतो. पण तो शहरातला, बहुधा निवृत्त, इंग्रजी जाणणारा. ज्या तालुक्यात रक्त काढायचं तिथली एखादी बाई त्या खुर्चीवर का नको? तिच्यासाठी अर्ज मराठीत, नाहीतर माडिया या आदिवासी बोलीत समजावून सांगावा लागेल, हीच खरी अडचण असावी.

माझी मागणी साधी आहे. निष्कर्ष ग्रामसभेत सांगितल्याचा ठराव जोडल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता सोडू नये. मुदती चुकतील, ग्रामसभेत आडवेतिडवे प्रश्न येतील, कुणी मागच्या रक्ताचाही हिशोब मागेल. मागू दे.