घरचं बी फेकू नका

इंदूरच्या मराठी मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘घरच्या फुलांचं बी धरू नका. संकरित झाडाचं बी वांझ असतं, उगवलंच तर फूल तसं येत नाही, आणि पावसाळ्यात सगळ्याला बुरशी लागते. दरवर्षी नवं पाकीट आणा.’ हे वाचून लोक वाळलेला झेंडू बियांसकट कचऱ्यात टाकतात, ते बघवत नाही.

वांझपणाचा मुद्दा साफ चुकीचा आहे. पुढचं बी उगवूच नये अशा ‘टर्मिनेटर’ तंत्राचं पेटंट अमेरिकेत १९९८ साली मिळालं, पण तसलं बियाणं बाजारात कधी आलंच नाही. आपल्याकडे २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्यात अशा वाणाची नोंदणीही होत नाही. आफ्रिकन आणि फ्रेंच झेंडूच्या संकराची रोपं वांझ असतात, हे खरं. पण त्यांच्यात भरलेलं बीच धरत नाही, मग साठवणार काय?

‘फूल तसं येत नाही’ हे मात्र अर्धं खरं. संकरित पिटुनियाचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत रंग-आकार वेगवेगळे निघतात. झिनिया-झेंडूवर मधमाश्या फिरतात, त्यामुळे शेजारच्या गच्चीवरचा पिवळा आपल्या केशरीत उतरतो. गोकर्ण आणि स्वीट पी यांचं परागीभवन मात्र बहुतेक वेळा कळीतच उरकतं, म्हणून साध्या निळ्या गोकर्णाचं बी सहसा निळंच फुलतं. आवडत्या झाडाला दोरा बांधा, त्याची टपोरी फुलं तोडू नका, बी त्यांचंच धरा. निवड अशीच होते, आणि हा आनंद पाकिटात मिळत नाही.

बुरशी लागते ती ओलाव्याने. फ्लॉक्स, कॅलेंड्युला, लार्कस्पर यांचं बी माळव्यात मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पिकतं, याहून चांगली सोय कुठली? सावलीत नीट वाळवा, कागदी पुडीत भरून नाव-साल लिहा, आणि पावसाआधी पुड्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बियांतला ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट होतं. तेरड्याची बोंडं पिवळसर होताच मुठीत धरून तोडा, नाहीतर बी उडून जाईल.

शंका आलीच तर दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून आठवडाभर ठेवा. सहा-सात अंकुरल्या तर खुशाल पेरा. गोकर्णाचं कवच टणक, ते आधी रात्रभर भिजवा. अ‍ॅस्टरचं बी तेवढं पुढच्याच हंगामात वापरून टाका, ते फार टिकत नाही.